पेरीन काय म्हणाली?

मी सेंट-लेरी गावच्या दवंडीचा जुना ढोल आहे. मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. आज मी नगरभवनाच्या माळ्यावर पडून आहे. माझे एका बाजूचे कातडे उंदरांनी कुरतडले आहे आणि दुसऱ्या बाजूवर कुणीतरी चुन्याचे भांडे ठेवून विसरून गेले आहे. पण एके काळी मी वाजलो की गावातले काम थांबत असे. भाजीवाली तागडी खाली ठेवी, लोहार हातोडा वरच्या वर धरी, आणि सगळे म्हणत, "थांबा, ऐकू या." लोकांना ऐकायला लावणे, एवढ्यासाठीच माझा जन्म झाला होता.

दारूची पिंपे करणाऱ्या एका सुताराने ओकच्या फळ्या वाफेवर वाकवून माझे अंग घडवले. कातडे एका वासराचे. ते वासरू दूध पिणारे होते, म्हणून माझा आवाज इतका स्वच्छ, असे सुतार अभिमानाने सांगत असे. वासराच्या आईला कुणी विचारले नाही. माझ्या पोटावर राजाची तीन पिवळी फुले रंगवली गेली आणि मला इलेरच्या गळ्यात अडकवले.

इलेर हा गावाचा दवंडीवाला. अंगाने उंच, बोलायला कमी. स्वतःचे त्याला काही सांगायचे नसे, म्हणून दुसऱ्यांचे तो चांगले सांगे. त्याची बायको पेरीन बाजारात अंडी विकायची आणि तिच्या जिभेला हाड नव्हते. इलेर वर्षभर जेवढे बोले तेवढे ती एका डझन अंड्यांमागे बोले. त्यांना लिझेत नावाची एक लहानगी मुलगी होती. ती माझ्यावर पोळी ठेवून जेवायची आणि माझ्या दोऱ्यांत खरकटे बोट अडकवायची. मला ते आवडत असे.

मग क्रांती झाली. इलेरने माझ्या पोटावरची फुले चाकूने खरवडली आणि तिथे निळा, पांढरा, लाल पट्टा काढला. खरवडताना दुखले, पण खोटे कशाला बोलू, मला आनंद झाला होता. त्या पहिल्या दिवसांत मी चौकात वाजलो की ज्याला वाटेल तो चौथऱ्यावर चढून बोले. मेंढपाळ बोलला, चर्चची घंटा वाजवणारा बोलला, पेरीन तर दोनदा बोलली. तिला उतरवायला इलेरला वर जावे लागले. सगळे ऐकत होते. माझ्या आयुष्यातले तेवढेच दिवस मला परत जगायला आवडतील.

पुढे राजाचे डोके उडवले आणि पॅरिसहून रोज काहीतरी नवे येऊ लागले. रविवार बंद झाला. गावाच्या नावातल्या संताला हाकलून दिले, आम्ही नुसते लेरी झालो. 'तुम्ही' म्हणणे बंद झाले, सगळ्यांनी सगळ्यांना 'तू' म्हणायचे आणि 'नागरिक' म्हणून हाक मारायची. प्रत्येक कागदाच्या शेवटी लिहिलेले असे, की हे आता कायमचे आहे. इलेर ते मोठ्याने म्हणे. दुसरा कागद आला की पहिला कायमचा कागद इलेर शेगडीत घाली.

गावात लेकोंत नावाचा एक न्हावी होता. तो सरदारांच्या डोक्यावरचे केसांचे टोप विणायचा. सरदार पळाले, टोप गेले, धंदा बसला. तेव्हा तो पाळत समितीचा अध्यक्ष झाला. कोण प्रजासत्ताकाच्या विरुद्ध बोलतो त्यावर या समितीने लक्ष ठेवायचे होते. पूर्वीही त्याचे काम डोक्यांशीच होते, असे पेरीन म्हणायची. लेकोंत हसायचा, कारण तो इलेरचा शेजारी होता आणि दर जानेवारीला त्यांच्या घरी केक खायला यायचा.

या केकची एक गंमत होती. त्यात वालाचा एक सुका दाणा लपवत. तो ज्याच्या घासात येई तो त्या संध्याकाळचा राजा. राजाने पेला उचलला की सगळ्यांनी ओरडायचे, "राजा पितोय!" आणि होईल तेवढा दंगा करायचा. इलेरच्या घरी दंगा म्हणजे मी. आजे-पणजे हेच करत आले होते. त्या वर्षी मात्र राजा उरला नव्हता, म्हणून पॅरिसने केकचेही नाव बदलले होते.

"हा घ्या समतेचा केक," पेरीनने ताट ठेवले. "नाव समतेचं, पण दाणा एकालाच. पीठ तेवढं महाग झालंय."

"नागरिके, या वर्षी दाणा मिळेल तो 'चांगला शेजारी'," लेकोंत म्हणाला. "परिपत्रक आलंय तसं."

"चांगला शेजारी? मग आमच्या गल्लीत तो दाणा कुणालाच निघायचा नाही, अहो लेकोंत. चुकले! अरे लेकोंत. जिभेला अजून वळण पडत नाही बघ. नवऱ्याला अरे-तुरे करायला मात्र लगेच जमलं. एवढी क्रांती मला मान्य आहे."

लेकोंत हसला. इलेरही हसला.

"बरं, एक सांग," पेरीन केक कापता कापता म्हणाली. "हे प्रजासत्ताक आमच्या लिझेतच्या लग्नापर्यंत टिकेल का रे?"

"शत्रू संपले की टिकेल."

"आणि शत्रू संपल्यावर तुझी समिती काय करेल? पुन्हा टोप विणेल?"

"शत्रू असे संपत नसतात, पेरीन."

"म्हणजे टिकायचं नाही तर! सरळ सांग की मेल्या."

"खा रे, गार होतंय," इलेर मध्येच म्हणाला.

दाणा लेकोंतच्या दाताखाली आला. त्याने तो बोटांनी काढून ताटलीच्या कडेला ठेवला आणि खुशीत पेला उचलला. मित्रांनो, सवय कुठल्या परिपत्रकाला विचारते? पेरीन टाळी वाजवून ओरडली, "राजा पितोय!" इलेरच्या दोन्ही काठ्या आपोआप माझ्यावर पडल्या. लिझेतने चमच्याने ताटली बडवली. मीही छाती फुगवून वाजलो. खूप दिवसांनी त्या घरात कुणी हसत होते.

माझा आवाज रस्त्यावर गेला. तिथे पावासाठी रांग लागलेली होती.

"काय म्हणाली रे ती?" खिडकीबाहेर कुणीतरी विचारले.

"राजा पितोय म्हणाली."

"कोण पितोय?"

"आत तो लेकोंत आहे ना, समितीवाला."

पेला लेकोंतच्या ओठांना लागलेला तसाच राहिला. मग त्याने तो खाली ठेवला आणि टोपी न घेताच निघून गेला. पेरीन दारापर्यंत त्याच्या मागे गेली. "अरे, टोपी तरी घे! डोकं गारठेल!" ती हसत होती.

लेकोंत दुष्ट नव्हता, मित्रांनो. तो भित्रा होता. दुष्ट माणूस परवडला, त्याला कधी कधी कंटाळा तरी येतो. लेकोंतची पाचावर धारण बसली होती. आपण राजा म्हणवून घेतले असे कुणी सांगायच्या आत आपणच जाऊन सांगायला हवे, एवढे एकच त्याला सुचले. सकाळी त्याने स्वतःच्या समितीपुढे स्वतःच तक्रार मांडली, की नागरिका पेरीनने राजाच्या नावाने घोषणा दिली. आपल्याला दाणा निघाला होता हे त्याने गाळले.

शिपाई आले तेव्हा ती लिझेतची वेणी घालत होती. अर्धीच झाली. उरलेली इलेरने घातली, त्याला येत नव्हती.

न्यायाधीश जिल्ह्याहून आले. त्यांच्यामागून एका गाड्यावर गिलोटिनचे सुटे भाग आले आणि चौकातल्या त्याच चौथऱ्यावर जोडले गेले. खटला नगरभवनातच चालला. मी तिथे खुंटीला टांगलेला होतो.

"राजा पितोय, असं म्हणालीस?" न्यायाधीशांनी विचारले.

"म्हणाले. केक खाताना म्हणतात."

"कोणता राजा?"

"हा काय बसलाय. लेकोंत राजा."

सगळे लोक खो खो हसले. त्यांना ती आवडत असे. लेकोंत पांढराफटक पडला आणि न्यायाधीशांनी लेखणी शाईत बुडवली. लोक हसले नसते तर कदाचित ती तुरुंगावर सुटली असती. हसण्याने कोर्टाचा अपमान झाला, आणि तो कुणाच्या तरी नावावर लिहायचा होता. ढोल वाजवणारा इलेर मात्र सुटला. त्याचा गुन्हा कमी होता असे नाही. गावात दुसरे कुणी वाजवणारे नव्हते आणि सरकारला ढोल लागणार होता.

कशासाठी लागणार होता, ते जिल्ह्याच्या कमिशनरने इलेरला सांगितले. "वर चढली की माणसं बोलायला लागतात. खालचे लोक ते ऐकतात आणि घरी घेऊन जातात. त्यानं राज्य हलतं. ती पायरीवर आली की सुरू कर आणि संपेपर्यंत थांबू नकोस. थांबलास तर तुझ्या पोरीला अनाथालयात ठेवायची सोय आहे."

त्याच संध्याकाळी इलेर तुरुंगाच्या गजांपाशी गेला. मी त्याच्या पाठीवर होतो.

"रडू नकोस," पेरीन म्हणाली. "मीही रडणार नाही, त्या लेकोंतला तेवढं सुख द्यायचं नाही. वर गेल्यावर मी लिझेतसाठी चार शब्द बोलणार आहे. ती आता लहान आहे, तिच्या काही ध्यानात राहायचं नाही. तू नीट ऐकून ठेव आणि मोठी झाली की तिला सांग. सांगशील ना?"

"आत्ताच सांग की मला."

"आत्ता सुचत नाही रे. आत्ता नुसती भूक लागलीये. वर जाईन तेव्हा सुचेल. तू समोर असशील ना?"

"समोरच असेन," इलेर म्हणाला. तो खोटे बोलला नाही. पुढचे सांगायला त्याची जीभ रेटली नाही, एवढेच.

ती पायरी चढून वर आली. तिने गर्दीत इलेरला शोधले आणि तो सापडला, अगदी पुढे, गळ्यात मी. तिने आधी त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. मग तिला कळले. तरी ती बोलली. कमिशनरने हात वर केला आणि इलेरच्या काठ्या माझ्यावर कोसळल्या. मी आयुष्यात इतका चांगला कधी वाजलो नव्हतो. माझ्याच आवाजात मी ठार बहिरा झालो. मला तिचे ओठ हलताना दिसत होते, बस्स. तिने काही घाई केली नाही. एकदा ती थांबली, आठवल्यासारखे केले आणि पुन्हा बोलली. एकदा हसलीसुद्धा. मग पाते पडले. कमिशनरने हात खाली करेपर्यंत इलेर वाजवतच राहिला.

त्यानंतर इलेर गावभर विचारत फिरला. पुढच्या रांगेतल्यांना विचारले, त्यांना ढोल ऐकू आला होता. खिडकीत बसलेल्यांना विचारले, त्यांनाही ढोलच. "छान वाजवलास रे," एकाने सांगितले. ज्याने पाते सोडले तो गाड्याबरोबर पुढच्या गावी निघून गेला होता. वर तिच्या शेजारी हातभर अंतरावर आणखी एकच माणूस उभा होता, समितीचा अध्यक्ष म्हणून. लेकोंत.

"काही नाही बोलली," लेकोंतने दार उघडले नाही, फटीतूनच सांगितले. "शिव्या देत होती."

"एवढा वेळ नुसत्या शिव्या?"

"जा रे बाबा. कुणी बघेल."

पण वारा फिरला. पॅरिसमध्ये मोठ्यांनी मोठ्यांची डोकी उडवली आणि नवा कागद आला. इलेरने मला चौकात वाजवले आणि वाचून दाखवले, की दहशत संपली आहे, दोषींना शासन होईल, आणि प्रजासत्ताक आता स्थिर झाले आहे, कायमचे. लोकांनी टाळ्या दिल्या. लेकोंतला त्याच शिपायांनी धरले आणि पेरीनच्याच कोठडीत टाकले. पुन्हा न्यायाधीश आले, पुन्हा तो गाडा आला. कमिशनर नवा होता, पण त्यानेही सगळ्यात आधी मलाच बोलावले.

इलेर गजांपाशी गेला. या वेळी आत लेकोंत होता.

"काय म्हणाली ती?"

"आधी कोर्टात माझ्या बाजूनं बोल," लेकोंत कुजबुजला. "तिच्या नवऱ्यानं मला माफ केलं म्हणून सांग. तुझं ऐकतील. मी सुटलो की त्याच दिवशी सांगतो, शब्दन् शब्द. मला सगळं पाठ आहे, इलेर. मला झोपेतही ऐकू येतं."

इलेर खरोखर कोर्टात उभा राहिला. ज्याने त्याची बायको मारली त्याच्यासाठी त्याने दयेची भीक मागितली. लोकांना वाटले, दुःखाने भ्रमिष्ट झाला बिचारा. न्यायाधीशांनाही तसेच वाटले. "बस खाली, नागरिक. तुझ्या वतीनं आम्ही न्याय करतो," ते प्रेमाने म्हणाले, आणि लेकोंतला मरणाची शिक्षा दिली.

चौक भरला होता. सगळे गाव आले होते, आणि बायका पेरीन बाजारात बांधायची तशी निळी ओढणी बांधून आल्या होत्या. लेकोंत वर आला. कमिशनरने हात वर केला आणि इलेर वाजवू लागला. मग लेकोंतने खाली पाहिले. मला वाटते, मरताना तरी त्याची भीती संपली असावी. तो वाकला आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "इलेर! ती म्हणाली..."

इलेरने काठ्या फेकून दिल्या. मित्रांनो, मी गप्प झालो. नेमून दिलेल्या कामाच्या मध्येच गप्प झालो, आणि मला स्वतःचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. आता ऐकू येणार होते. लेकोंत बोलत होता, भराभर, बोटांनी खुणा करत, जणू पोरीला काही समजावून सांगतोय. कमिशनर धावत आला. पण त्याची गरज पडली नाही.

"खुनी!" कुणीतरी ओरडले. "पेरीनचा खुनी!" आणि सगळा चौक उसळला. "पेरीन! पेरीन! पेरीन!" बायका ओढण्या फडकवत होत्या, रडत होत्या, मुठी आपटत होत्या. तिच्यावर त्यांचा खरेच जीव होता. "गप्प बसा!" इलेर ओरडत होता. "अरे, तो तिचंच सांगतोय! गप्प बसा!" शेजारच्याने त्याला छातीशी धरले आणि त्याच्या कानाजवळ आणखी मोठ्याने ओरडला, "पेरीन!" लेकोंतचे बोलून झाले. त्याने इलेरकडे पाहून मान हलवली, म्हणजे पोचले ना, असे. मग पाते पडले आणि लोकांनी जल्लोष केला.

इलेरने मला पुन्हा हात लावला नाही. माझ्यावर नवे हात आले, नवे रंग आले. निवडणूक झाली, ती रद्द झाली, पुन्हा झाली, पुन्हा रद्द झाली, आणि प्रत्येक खेपेला मी स्थैर्याची दवंडी दिली. अखेर पॅरिसमधल्या एका सेनापतीने शिपाई पाठवून सभागृह रिकामे केले आणि प्रजासत्ताक बसल्या जागी मेले. त्याचीही दवंडी मीच दिली. चौकात कुणी वर मान करून पाहिले नाही. मग माझ्या पोटावर त्या सेनापतीचा गरुड रंगवला गेला, नंतर राजा परतला आणि पुन्हा तीन पिवळी फुले आली, आणि मग माझे कातडे फाटले.

माळ्यावर मला आणून टाकणारी लिझेतच. ती मोठी होऊन नगरभवन झाडायच्या कामाला लागली होती. बाप म्हातारा, तिला दुपारी न्यायला यायचा. एके दिवशी मला बघून तिने विचारले, "बाबा, आई शेवटी काय म्हणाली होती?"

"गोंगाट होता, पोरी. ऐकू नाही आलं."

"कसला गोंगाट?"

इलेरने माझ्याकडे बोट केले. मग ते बोट खिडकीकडे, चौकाकडे नेले आणि तसेच धरून ठेवले.

मित्रांनो, मला पुसू नका, माझे कातडे बदलू नका, मला पुन्हा कुणाच्या गळ्यात अडकवू नका. तुमच्याकडेही राज्य असेल, ते टिकावे असे तुम्हाला वाटत असेल. तर कुणी बोलायला उभे राहिले की त्याला आधी बोलू द्या, तो लेकोंत असला तरी. ढोलाला थांबवणे सोपे असते, काठ्या फेकल्या की झाले. मी त्या दिवशी थांबलो होतो. माणसे थांबली नाहीत.